पोळ्याची झूल आणि कुत्र्याचा केक

पोळा जवळ आला की अलीकडे खान्देशात एक वाद हमखास रंगतो. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या नव्या वसाहतींत कुत्र्यांचे वाढदिवस साजरे होतात, त्यांच्यासाठी वेगळे केक मागवले जातात, गळ्यात रंगीत रुमाल बांधून छायाचित्रे काढली जातात. आणि गावाकडचा माणूस हे सारे पाहून ‘बैलले झूल नही, आन कुत्राले केक शे!’ अशा एका वाक्यात सगळ्यांचा निकाल लावतो. वसाहतींतून येणारे उत्तरही ठरलेले असते: पैसा आमचा, कुत्रा आमचा, तुम्हांला काय त्याचे? टोमणा चुरचुरीत आहे, उत्तर ठसक्याचे आहे, पण दोहोंत विचार फारसा नाही. एक पक्ष खर्चाच्या आकड्यावरून माणसाची नियत ठरवतो आणि दुसरा पक्ष पावती आपल्या नावावर आहे एवढ्या बळावर सगळी जबाबदारी झटकतो.

माझी भूमिका आधीच सांगतो. पाळलेल्या प्राण्याच्या पोटापाण्यावर आणि औषधपाण्यावर होणारा खर्च ही उधळपट्टी मानता येत नाही आणि ती निव्वळ खासगी बाबही मानता येत नाही. प्राणी ज्या दिवशी उंबऱ्याच्या आत आला, त्या दिवशी घराने अंगावर घेतलेले ते देणे आहे. ते दहा-बारा वर्षे, म्हणजे त्या प्राण्याच्या मरणापर्यंत, पुरते फेडले जाते की मध्येच समाजाच्या माथी मारले जाते, हे विचारण्याचा अधिकार शेजाऱ्याला, गावाला आणि पालिकेला आहे. कुत्र्यावर किती उडवले यापेक्षा कशावर उडवले आणि काय टाळून उडवले, हा प्रश्न कळीचा आहे. आपल्याकडच्या वादात नेमका तोच कोणी विचारत नाही.

टीकाकारांचा सर्वांत वजनदार मुद्दा विषमतेचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात माणशी मासिक खर्चाची सरासरी ४,१२२ रुपये होती आणि शहरी भागात ६,९९६ रुपये. ग्रामीण भागातल्या रकमेपैकी सुमारे ४७ टक्के खाण्यावर जातात, म्हणजे माणसाच्या महिन्याभराच्या अन्नाला दोन हजारही पुरते मिळत नाहीत. पूर्ण वाढलेल्या लॅब्रेडॉरला चांगल्या कंपनीचे कोरडे खाद्य महिन्याकाठी दहा किलोच्या आसपास लागते आणि ते तीन हजारांच्या घरात जाते. लस, जंताचे औषध, गोचिडांवरची औषधे, उन्हाळ्यातला कूलर हे वेगळे. सरासरीच्या भाषेत बोलायचे तर ग्रामीण माणूस महिन्याला जेवढे खातो त्याहून अधिक किमतीचे हा कुत्रा खातो. ज्या नंदुरबार जिल्ह्यात धडगाव आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून खाली आणावे लागते आणि जिथल्या कुपोषणावर दरवर्षी बैठका होतात, त्या जिल्ह्याच्या शेजारी राहून हा आकडा वाचताना कोणालाही अस्वस्थ वाटावे. ज्याला वाटत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पण या अस्वस्थतेतून जो निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. विषमतेचा न्यायनिवाडा करायलाच बसायचे असेल, तर आरोपीच्या पिंजऱ्यात एकटा कुत्राच का? याच खान्देशात कर्ज काढून लग्ने लावली जातात, वरातीच्या डीजेवर एका रात्रीत जे उडते त्यात तो लॅब्रेडॉर वर्षभर जेवला असता, आणि जळगावच्या सराफ बाजारातली गर्दी पाहून कोणी ‘धडगावला भूक आहे’ असे ओरडत नाही. सोने साठवले तर ते शहाणपण, पंगत मोठी घातली तर ती प्रतिष्ठा आणि कुत्र्याला खाऊ घातले तर ती चैन, ही वर्गवारी कोणत्या तत्त्वावर केली? शिवाय, कुत्र्यावर न केलेला खर्च आपोआप सातपुड्यात पोहोचतो, हे गृहीतक कोणी तपासले आहे काय? तो पैसा बहुधा नव्या मोबाइलच्या हप्त्यात जाईल. सरकारने मात्र आपला हिशेब फार पूर्वी चोख केला आहे. जीएसटी आला तेव्हापासून गुरांचा चारा आणि पशुखाद्य करमुक्त आहे, आणि कुत्र्या-मांजरांच्या पाकीटबंद खाद्यावर १८ टक्के कर लावला गेला आहे. तीन हजारांच्या खाद्यामागे सुमारे साडेचारशे रुपये सरकारजमा होतात. बैलाच्या वैरणीला सवलत आणि कुत्र्याच्या खाद्याला कर, हा न्याय मला योग्यच वाटतो. पण मग कुत्रेवाल्याकडून समाजाला काहीच मिळत नाही, असेही म्हणू नये.

हा वाद नवा आहे असे समजण्याचेही कारण नाही. १७९६ साली इंग्लंडात धान्याची टंचाई असताना जॉन डेंट नावाच्या खासदाराने कुत्र्यांवर कर बसवण्याचा प्रस्ताव पार्लमेंटात मांडला. त्याचे दोन मुख्य युक्तिवाद होते: गरिबांच्या तोंडचे अन्न कुत्री खातात, आणि पिसाळलेल्या कुत्र्यांमुळे माणसे मरतात. या प्रस्तावापायी लोकांनी त्याचे नावच ‘डॉग डेंट’ पाडले. कर अखेरीस बसला. अन्नाचा युक्तिवाद मात्र टिकला नाही, कारण टंचाईचे मूळ कुत्र्यांच्या ताटात नव्हते. पिसाळण्याचा युक्तिवाद टिकला, कारण तो खरा होता. आपल्या वादातही नेमके हेच घडायला हवे आणि घडते नेमके उलटे. अन्नाच्या मुद्द्यावर आवाज चढतो आणि रेबीजच्या मुद्द्यापर्यंत कोणी पोहोचतच नाही.

विषमतेच्या मुद्द्याचे एक अधिक धारदार रूप आहे, ते टीकाकार क्वचितच मांडतात, म्हणून त्यांच्या वतीने मीच मांडतो. पैसा खासगी असला तरी पशुवैद्य मोजकेच आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी त्वचारोगाची सुरुवात झाली ती आपल्याच रावेर तालुक्यातील चिनावलपासून. अंगभर गाठी आलेली, पाय सुजून दावणीला उभे राहण्याचेही त्राण नसलेली जनावरे ज्यांनी तेव्हा पाहिली, त्यांना गोठ्यात वेळेवर पोहोचणाऱ्या डॉक्टरची किंमत सांगावी लागत नाही. पुढे सरकारने दगावलेल्या दुधाळ गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये अशी मदत ठरवली. पण गेलेली जोडी त्या रकमेत बाजारात मिळते का, हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. अशा वेळी नव्याने पदवी घेतलेला पशुवैद्य शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना थाटतो, कारण तिथे वातानुकूलित खोलीत बसून तपासणीचे पैसे रोख मिळतात आणि गोठ्यात रात्री-अपरात्री वासराचे आडवे आलेले पाय ओढावे लागत नाहीत. शहराच्या लाडापायी खेड्याचा डॉक्टर जातो, हा आक्षेप केकच्या टोमण्यापेक्षा शंभर पटींनी गंभीर आहे.

तरीही तो शेवटास जात नाही. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातली जागा रिकामी राहते ती शासनाने न भरल्याने. शहरातल्या कुत्र्याने ती अडवलेली नसते. १९६२ या क्रमांकावर फोन केल्यावर फिरता दवाखाना गावात येतो की नाही, हे गाडी, डिझेल आणि मनुष्यबळ यांवर ठरते. उलट असेही दिसते की तालुक्याच्या गावी ज्या खासगी डॉक्टरचे बस्तान कुत्र्यांच्या लसीकरणाने बसते, तोच आजूबाजूच्या पाच-दहा खेड्यांतल्या म्हशींनाही मिळतो. नुसत्या गाई-म्हशींच्या भेटींवर त्याचे भागले नसते, कारण दुधाचा भाव पडला की शेतकरी डॉक्टरचीही उधारी ठेवतो. म्हणजे शहरी हौस आणि ग्रामीण गरज यांचे नाते नेहमीच वैराचे असते असे नाही. ते वैराचे होऊ नये यासाठी काय करावे, याकडे शेवटी येतो.

आता बैलाकडे वळू, कारण टोमण्याचा सगळा जोर त्याच्या झुलीवर आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळून तो शेकला जातो. जुवाने वर्षभर घासून तिथली कातडी जाड, केस झडलेली आणि काळपट झालेली असते. लोणी चोळणाऱ्याचा हात त्या घट्ट्यावरून जरा हळूच फिरतो. दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, बेगड, गोंडे, नवी मोरकी, पाठीवर झूल आणि तोंडात पुरणपोळी. हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्यातली कृतज्ञता खरी वाटते आणि ती खरीच आहे. पण ज्या खर्चाची आठवण आज काढली जाते, तो झुलीचा खर्च नव्हताच. शेतकऱ्याच्या वहीत आधी ढेप आणि कडबा लिहिला जाई, मग आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरलेला सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचा, साल, आणि उरले तर घरातल्यांचे कपडे. बैलाचे पोट हे घराचे पहिले देणे होते. कुत्रा पाळणाऱ्याला बैलाचा दाखला द्यायचाच असेल, तर झुलीचा न देता त्या वहीचा द्यावा.

आणि त्या वहीची शेवटची पानेही झाकू नयेत. बैल थकला की तो बहुतेक वेळा बाजाराचा रस्ता धरी. व्यापाऱ्याच्या हाती कासरा देताना मालकाच्या डोळ्यांत पाणी येई, हे खरे. कासरा दिला जाई, हेही खरे. म्हणून ‘पूर्वी आपण प्राण्यांना लेकरांसारखे वागवत होतो आणि आता नुसते थेर चालले आहेत’ हा गळा काढणे मला पटत नाही. शिवाय बैलाला दावणीवरून उठवले कोणी? पशुगणनेचे आकडे पाहावेत. २०१२ आणि २०१९ या दोन गणनांच्या दरम्यान देशातील गोवंशाच्या नरांची संख्या सुमारे सहा कोटी ८० लाखांवरून चार कोटी ७५ लाखांच्याही खाली आली, म्हणजे तीस टक्क्यांची घट. ती ट्रॅक्टरने केली, मजुरीने केली, सालदार मिळेनासा झाल्याने केली, वैरण महाग झाल्याने केली. जळगावच्या सदनिकेतल्या लॅब्रेडॉरचा त्यात काडीचाही हात नाही. ज्या घरातून बैल गेला, त्याच घरातला मुलगा आज शहरात कुत्रा पाळतो आहे, आणि जनावराच्या सहवासाची चार पिढ्यांची सवय एका पिढीत मरत नाही, एवढाच याचा अर्थ असू शकतो.

कुत्र्याचे लाड ही पाश्चात्त्यांची नक्कल आहे, हा आणखी एक लाडका आक्षेप. साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज यांनी खंड्या नावाच्या आपल्या कुत्र्याला पालखीचा मान दिला होता असे सांगतात आणि माहुलीच्या संगमावर त्याची समाधीही दाखवतात. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचे प्राण वाचवल्याची आख्यायिका त्यामागे आहे. ती तंतोतंत खरी असो वा नसो, मराठी माणसाने ती तीनशे वर्षे कौतुकाने सांगितली आहे. आपल्या दारचेच उदाहरण हवे असेल तर सारंगखेड्याला जावे. तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या त्या यात्रेत लाखालाखांचे घोडे उभे असतात, त्यांना बदाम आणि तूप चारल्याचे मालक छाती फुगवून सांगतो, आणि ते घोडे ना नांगराला जुंपले जातात ना टांग्याला. ती हौसच आहे, आणि तिला कोणी नक्कल म्हणत नाही. मंदिरात जाऊन हात जोडले तर दत्ताच्या पायाशी चार कुत्री दिसतात, हे जाता जाता.

परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांना ओसरीवरच्या पिंजऱ्याचीही आठवण करून द्यायला हवी. डाळीचे दाणे आणि हिरवी मिरची यांवर वर्षानुवर्षे काढणारा मिठू जवळजवळ फुकट पडे. तो जंगलातून पिल्लू असतानाच पकडलेला असे आणि देशी पोपट असा पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. स्वस्त होते म्हणून ते साधे होते आणि साधे होते म्हणून निष्पाप होते, असा निष्कर्ष काढता येईल का?

‘आईबाप वृद्धाश्रमात आणि कुत्रा सोफ्यावर’ या वाक्यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण खान्देशापुरते तरी वास्तव बरोबर त्याच्या विरुद्ध आहे. इथली तरुण पोरे पुण्याला, नाशिकला, सुरतेला गेली आहेत, आणि कुत्रा सांभाळतात ते मागे राहिलेले आईबाप. भुसावळात रेल्वेतून किंवा आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या माणसांच्या गल्ल्यांतून सकाळी सहाला चक्कर मारली तर ते दिसते. माझ्या ओळखीचे एक काका आहेत. त्यांच्या घरी रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि कुत्र्याचे लसीकरण कार्ड एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले असते आणि दोन्हींच्या तारखा काकू सांभाळतात. कुत्र्यासाठी बाहेर पडावे लागते म्हणून काकांचे चालणे होते. त्या घरातला खर्च उधळपट्टीत धरायचा की औषधात, हे ज्याचे त्याने ठरवावे.

इथवर मी कुत्रा पाळणाऱ्यांची बाजू घेतली. आता त्यांच्या आवडत्या वाक्याकडे: पैसा आमचा, तुम्हांला काय? मला वाटते, या संपूर्ण वादातले सर्वांत पोकळ विधान हेच आहे. केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार २०२४ साली देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदवल्या गेल्या. त्या सगळ्या भटक्या कुत्र्यांच्याच होत्या असे समजण्याचे कारण नाही. चावा घरच्या कुत्र्याचा असो की रस्त्यावरच्या, सरकारी दवाखान्यात पहिल्या, चौथ्या, आठव्या आणि एकोणतिसाव्या दिवशी टोचली जाणारी लस करदात्याच्या पैशातून येते, आणि जखम खोल असेल तर तिच्याभोवती द्यावे लागणारे महागडे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे औषध, तेही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही. जगभरच्या रेबीज-मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि परिसरातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर ही साखळी तुटते, असे तीच संघटना सांगते. मग ज्या घराने वाढदिवसाच्या केकचे पैसे दिले आणि रेबीजच्या लसीची तारीख चुकवली, त्या घराने आपला खर्च वाचवून तो नेमका कोणाच्या दंडावर टोचला?

दुसरी उधारी त्याहून मोठी आहे. पिल्लू म्हणून आणलेला कुत्रा वर्षभरात मोठा होतो, पायऱ्यांवर ओढतो, शेजारी तक्रार करतात, बदली होते, बाळ येते, आणि एके दिवशी त्याला गाडीत घालून महामार्गावरच्या एखाद्या ढाब्याजवळ सोडून दिले जाते. असा कुत्रा ओळखू येतो. मानेभोवती पट्ट्याने झिजलेल्या केसांचे कडे असते, तो गाडीच्या आवाजाने पळत नाही, उलट प्रत्येक पांढऱ्या गाडीकडे धावतो. निर्बीजीकरण केलेले नसेल तर दोन हंगामांत त्या ढाब्याभोवती पिल्लांची एक फौज उभी राहते, आणि पुढे तिच्यावरच्या खर्चाला पालिकेचा खर्च असे नाव पडते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात असे उपाशी-तहानलेले टाकून देणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पंचवीस हजारांचे पिल्लू टाकून दिल्याबद्दल पन्नास रुपये! हा कायदा बदलण्याची मागणी कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्यांनी सर्वांत आधी करायला हवी होती.

खरी उधळपट्टी मला दिसते ती खरेदीत. मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो त्या जळगाव-भुसावळात बर्फाळ प्रदेशासाठी घडलेला हस्की विकत घेणारा माणूस प्राण्यावर खर्च करत नसतो, तो स्वतःच्या दिमाखावर करत असतो. दुपारी जिन्याच्या फरशीवर चारही पाय पसरून, जीभ बाहेर काढून, कूलरच्या गळक्या टाकीखाली पडलेला तसा एक कुत्रा मी पाहिला आहे. त्याचा मालक त्याच्या निळ्या डोळ्यांची किंमत सांगत होता. अशा मागणीपायी कोठेतरी अंधाऱ्या खोलीत एकाच कुत्रीला हंगामामागून हंगाम व्यायला लावले जाते. श्वानप्रजनन आणि विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे प्रजनन करणाऱ्याची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. आपल्याकडे पिल्लाचे वय आणि विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक किती खरेदीदार विचारतात? ज्याला हौस आहे त्याने गल्लीतले गावठी पिल्लू आणावे. त्याला आपला उन्हाळा सोसतो आणि त्याच्या खरेदीवर एक रुपयाही जात नाही. तो वाचलेला पैसा लसीला आणि निर्बीजीकरणाला लागतो. जातिवंतच हवा असेल तर कारवान हा आपल्याच दख्खनच्या मातीतला शिकारी कुत्रा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील सगळी भटकी कुत्री निवारागृहांत हलवण्याचा आदेश दिला आणि ११ दिवसांत, २२ ऑगस्टला, मोठ्या पीठाने तो सौम्य केला: निर्बीजीकरण आणि लस झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली वा आक्रमक मात्र सोडू नयेत. तेव्हापासून देशभर प्राणिप्रेमी आणि प्राणित्रस्त असे दोन तट पडले आहेत. या गदारोळात पाळीव कुत्र्यांच्या मालकांचे नावही कोणी घेत नाही, याचे मला नवल वाटते. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत कुत्र्यांवरूनच दंगल झाली होती. सरकारने बेवारशी कुत्री मारण्यासाठी प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस लावले, बक्षिसाच्या लोभाने पाळलेली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली आणि फोर्टातील पारशी समाज रस्त्यावर उतरला. पारशांच्या धर्मभावनेचा त्यात वाटा होताच, पण मूळ घोळ असा होता की कोणता कुत्रा घरचा आणि कोणता बेवारशी, हे ठरवण्याची सोय शिपायापाशी नव्हती आणि असती तरी त्याला ती नको होती. जवळपास दोनशे वर्षांनी आपल्या नगरांची स्थिती याहून फार वेगळी आहे का? आपल्या गावात पाळीव कुत्री किती, लस झालेली किती, हे सांगणारी धड नोंदवही नसताना आपण भटक्या कुत्र्यांचे धोरण ठरवायला निघालो आहोत.

सोय कायद्यात आहे. पाळीव कुत्र्याचे प्रजनन नियंत्रित ठेवणे, लस, निर्बीजीकरण आणि परवाना ही मालकाची जबाबदारी असल्याचे २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतच म्हटले होते. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने पालिकांना कुत्र्यांवर कर बसवण्याचा अधिकार दिला आहे. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे २००३ पासून महानगरपालिका आहेत. मुंबई-पुण्यात परवान्याची पद्धत आहे. म्हणून माझी मागणी अशी की खान्देशातील शहरांनी पाळीव कुत्र्यांची सक्तीची नोंदणी सुरू करावी, नोंदणी दरवर्षी लसीचे कार्ड दाखवूनच नूतनीकृत व्हावी, निर्बीजीकरण केलेल्या कुत्र्याला नाममात्र आणि न केलेल्याला कित्येक पट शुल्क असावे, आणि जमा झालेली रक्कम पालिकेच्या सर्वसाधारण खात्यात न बुडता लसीकरण-निर्बीजीकरणावर आणि जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांवर खर्च व्हावी. शहरी हौसेतून गोठ्यापर्यंत जाणारी ती एक सरळ वाट होईल.

यावर दोन आक्षेप येतील. पालिका रस्त्यावरचे खड्डे बुजवत नाही, ती कुत्र्यांची वही काय ठेवणार? आक्षेप खरा आहे, परंतु तो पालिकेच्या प्रत्येक कामाला लागू होतो आणि त्यावरून पाणीपट्टी माफ झाल्याचे ऐकिवात नाही. नोंदणीचे काम लस टोचणाऱ्या खासगी डॉक्टरच्या टेबलावरच उरकता येईल. नाहीतरी कार्ड तोच भरतो. दुसरा आक्षेप गरिबांचा. साक्री-नंदुरबारकडचा ठेलारी मेंढपाळ चार कुत्र्यांवाचून मेंढ्यांच्या वाड्याची राखण करू शकत नाही आणि झोपडीच्या दारातला कुत्रा हा तिथला एकमेव पहारेकरी असतो. १७९६ च्या त्या इंग्रजी करातूनही गरिबांची कुत्री बऱ्याच अंशी वगळली गेली होती. आपणही राखणीची कुत्री आणि रस्त्यावरून उचलून घरी आणलेली गावठी कुत्री शुल्कातून वगळावीत, लसीतून नाही. त्यांची लस शिबिरात फुकट व्हावी. इंग्लंडचा परवाना पुढे १९८७ मध्ये रद्द झाला, कारण त्याचे शुल्क ३७ पेन्सवर गोठले होते आणि वसुलीचा खर्च त्याहून जास्त येत होता. त्यावरून शुल्क किती असावे याचाही अंदाज येतो. पहिली दोन वर्षे मात्र कोणाकडूनच काही घेऊ नये. सुरुवातीलाच पैसे मागितले तर लोक कुत्री लपवतील, लपवलेल्या कुत्र्याला लस टोचली जाणार नाही, आणि ज्यासाठी नोंदणी करायची तेच फसेल.